पिकांवरचे पतंग येतात कुठून? परदेशी किडींचा प्रवास आणि फैलाव

निशाचर

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. तिच्यावर कोणतं औषध चालतं, कोणतं चालत नाही, यावर भरपूर बोललं जातं. पण ती एवढ्या लांबून आली कशी, आणि एकदा रान साफ केल्यावर पुन्हा कुठून उगवते, यावर फार कमी चर्चा होते. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे, म्हणून हा धागा.

आधी तिचा प्रवास बघा. स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा (हे या अळीचं शास्त्रीय नाव) ही मूळची अमेरिका खंडांच्या उष्ण पट्ट्यातली. २०१६ च्या सुरुवातीला ती नायजेरिया, बेनिन, टोगो आणि साओ टोमे इथे सापडली. पुढच्या दोन वर्षांत सहाराच्या दक्षिणेचा जवळजवळ सगळा आफ्रिका तिने व्यापला. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा भागात मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रासह शेजारच्या राज्यांत पोचली. वर्ष संपेपर्यंत श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या युनान प्रांतात तिची नोंद झाली आणि त्या एका वर्षात २६ प्रांतांत पसरली. कोरिया आणि जपानही त्याच वर्षी. २०२० च्या सुरुवातीला टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरून ऑस्ट्रेलियात, आणि २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये.

यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. अटलांटिकसारखा महासागर ओलांडायला माणसाचा माल उपयोगी पडतो. भाजीच्या पेटीत, फुलांच्या जुडीत, फळाच्या देठाखाली अंडी किंवा बारकी अळी सहज निघून जाते. युरोपातल्या तपासणीत ढोबळी मिरची, वांगी अशा मालात ही अळी वारंवार पकडली गेली आहे. पण एकदा नव्या खंडावर उतरली की तिला कुणाची गाडी लागत नाही. पुढचं काम पंख आणि वारा करतात.

पतंग कोषातून बाहेर पडतो तेव्हा मादीची अंडी लगेच तयार नसतात. त्या सुरुवातीच्या रात्री तिच्या प्रवासाच्या. सूर्य मावळून अंधारायला लागलं की हे पतंग झाडावरून उठतात आणि सरळ वर चढत जातात, काही शे मीटर. तिथे रात्रीचा वारा जमिनीजवळच्या वाऱ्यापेक्षा कितीतरी जोरात वाहतो. त्यात शिरले की एका रात्रीत शंभर किलोमीटर हे काही विशेष नाही. अंडी घालण्याआधी अशा काही रात्री मिळून ५०० किलोमीटरपर्यंत मजल जाते. अमेरिकेत मिसिसिपीकडून कॅनडातल्या ओंटारिओपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर अंतर वाऱ्याच्या एका झोतात ३० तासांत कापल्याची नोंद आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आज तुमच्या सापळ्यात पडलेला पतंग महिनाभरापूर्वी दुसऱ्याच कुणाच्या शिवारात अळी होऊन मका खात असण्याची शक्यता आहे. त्या शिवारात काय चाललं होतं हे तुम्हाला तेव्हा कळलं असतं, तर आज हातात महिना असता. आपण या किडीला ज्याच्या त्याच्या रानातला प्रश्न समजतो, आणि ती मात्र कुणाचाच बांध मानत नाही.

बांधावरून

विषय चांगला काढलात. पण मग एक सरळ प्रश्न. पतंग पन्नास कोसांवरून येणार असतील तर मी माझ्या रानात मरमर करून उपयोग काय? मी साफ करायचं आणि कुठून तरी नवीन थवा येऊन बसायचा.

मक्याचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उघडला की आत ओल्या भुशासारखी विष्ठा गच्च भरलेली, आणि तिच्याखाली ती तपकिरी डोक्याची अळी आरामात. वरून कितीही फवारा मारा, तिला थेंब लागत नाही. त्या वेळी वाटतं की आपण कायम एक पाऊल मागेच आहोत.

निशाचर

@बांधावरून, उपयोग आहे, आणि तो दोन बाजूंनी आहे.

पहिली बाजू तुमची. बाहेरून येणाऱ्या माद्या तुलनेने थोड्या असतात. पण एक मादी आयुष्यात हजार-दीड हजार अंडी घालू शकते, एकेका पुंजक्यात शंभर-दोनशे, वरून स्वतःच्या अंगावरच्या राखाडी केसांनी झाकलेली. उबदार हवेत सुमारे ३० दिवसांत त्यांचे पुढचे पतंग तयार. म्हणजे आलेल्या पाहुण्यांपेक्षा तुमच्याच रानात जन्मलेली पुढची पिढी जास्त नुकसान करते. तिला पहिल्या दोन अवस्थांत गाठलं तर काम होतं. त्या वेळी अळी पानाचा फक्त हिरवा थर खरवडते, पानावर पांढरट पारदर्शक खिडक्या दिसतात. त्या दिसल्या की वेळ हातात आहे. पोंग्यात भुसा दिसायला लागला की अळी मोठी झाली, आणि तुम्ही म्हणता तसंच होतं. सहाव्या, शेवटच्या अवस्थेतली अळीच बहुतेक सगळं खाणं खाते, त्यामुळे नुकसान डोळ्यांवर येतं तेव्हा औषधाची वेळ टळून गेलेली असते.

दुसरी बाजू तुमच्या वाऱ्याखालच्या लोकांची. तुमच्या रानातून उठणारे पतंग त्यांच्याकडे जाणार आहेत. तुम्ही जेवढे कमी पाठवाल तेवढं त्यांचं सोपं.

वायुवेग

हवामानाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण 'वारा घेऊन जातो' एवढ्यावर सोडलं तर अर्धंच चित्र दिसतं.

रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्या लगतची हवाही गार होते, आणि त्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. या उबदार थराच्या आसपास वाऱ्याचा वेग वाढतो, कारण दिवसा जमिनीच्या घर्षणामुळे आणि उकळ्या मारणाऱ्या हवेमुळे त्याला जो अडथळा होतो, तो रात्री नसतो. याला निम्नस्तरीय झोत म्हणतात. पतंगाला हे दोन्ही बाजूंनी सोयीचं आहे. उबेत पंखांचे स्नायू चालतात आणि वेग फुकटात मिळतो. स्वतःच्या ताकदीवर तो सेकंदाला चारेक मीटर उडेल, झोतात तो त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जमिनीवरून सरकतो.

रडारवर हे थर स्वच्छ दिसतात. कीटक बघण्यासाठी रडारचा वापर १९६८ मध्ये नायजरमध्ये ग्लेन शेफर यांनी टोळांसाठी सुरू केला. त्यानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, चीन इथे उभ्या दिशेने बघणारी रडार बसली. संध्याकाळी पडद्यावर ठिपके वर चढताना दिसतात आणि तासाभरात एका ठरावीक उंचीवर त्यांचा पट्टा तयार होतो.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. दोन दिशांचे वारे जिथे एकमेकांना भिडतात तिथे पतंग गोळा होतात. मोठ्या भूभागावर विरळ उडणारे पतंग अशा रेषेवर दाट होतात, मग पाऊस त्यांना खाली उतरवतो. पूर्व आफ्रिकेतली स्पोडोप्टेरा एक्झेम्प्टा ही लष्करी अळी नेमकी अशीच उसळते: पहिल्या पावसाच्या वादळांपाठोपाठ, कोवळ्या गवतावर, एकाच वेळी मोठ्या भागात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अळ्या आभाळातून पडल्या. त्यांच्या आया खरोखर आभाळातूनच उतरलेल्या असतात.

दूर्वांकुर

वाचतेय, फार छान चाललाय धागा. मी रात्री पांढऱ्या पडद्यावर दिवा लावून पतंगांची नोंद ठेवते, त्यामुळे एक शंका कायम मनात आहे. पतंग वाऱ्याबरोबर नुसता वाहत जातो, की त्याला कुठे जायचं ते ठाऊक असतं?

निशाचर

दूर्वांकुर, नुसता वाहत जात नाही, हे आता पुराव्यानिशी सांगता येतं.

युरोपात ऑटोग्राफा गामा नावाचा पतंग आहे. पुढच्या पंखावर इंग्रजी वायसारखी चंदेरी खूण, आणि अळी वाटाणा, लेट्यूस अशा कितीतरी पिकांवर. ब्रिटनमध्ये रॉथमस्टेड संस्थेच्या रडारवर अनेक वर्षं त्याचा मागोवा घेतला गेला. वसंतात उत्तरेकडे जाणारा वारा असेल त्या रात्री ते मोठ्या संख्येने उठतात, उलटा वारा असेल तर बहुतेक बसून राहतात. वारा इच्छित दिशेपासून थोडा ढळलेला असेल तर आपलं तोंड वळवून तेवढी चूक भरून काढतात. म्हणजे कोणत्या रात्री निघायचं, कोणत्या उंचीवर उडायचं आणि तोंड कुठे ठेवायचं, या तिन्ही गोष्टी पतंगाच्या ताब्यात आहेत.

२०२२ मध्ये तर याहून पुढचं काम प्रसिद्ध झालं. मोठ्या, पाठीवर कवटीची खूण असलेल्या पतंगांवर अगदी हलके ट्रान्समीटर चिकटवून जर्मनीतून सोडले आणि छोट्या विमानातून रात्री काही तास त्यांचा पाठलाग केला. ते आल्प्सच्या दिशेने सरळ रेषेत गेले. समोरून वारा आला तर खाली उतरून जमिनीलगत उडाले, पाठीमागून आला तर वर गेले. दिशा सोडली नाही.

ऑस्ट्रेलियातला बोगोंग पतंग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आणि रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांचाही आधार घेतो, हेही प्रयोगातून दिसलं आहे. त्याच्या अळ्या रोपं कुरतडणाऱ्या, म्हणजे शेतकऱ्याला त्याही परक्या नाहीत.

पूर्वी काही अभ्यासकांना वाटायचं की थंड प्रदेशाकडे जाणारे पतंग हिवाळ्यात मरतात, तो एकेरी प्रवास. चंदेरी खुणेच्या पतंगाने हे खोटं ठरवलं. वसंतात ब्रिटनमध्ये येणाऱ्यांची संख्या वर्षागणिक १ कोटी ते २४ कोटी, आणि तिथे पिढी वाढवून शरद ऋतूत दक्षिणेकडे परत जाणारे सरासरी चौपट. स्थलांतर त्यांना फायद्याचं पडतं, म्हणूनच ते टिकलं आहे.

सरकी

समुद्र ओलांडायला मालच लागतो, हा मुद्दा कापसाच्या गुलाबी बोंडअळीइतका दुसऱ्या कशातच स्पष्ट दिसत नाही. तिचं शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात भारतातल्या कापसावरून झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इजिप्तमध्ये पोचली, तिथल्या बियाण्याबरोबर १९११ च्या सुमारास मेक्सिकोत, आणि १९१७ मध्ये टेक्सासमध्ये. म्हणजे इथे आपण पाठवणारे आहोत.

हे बियाण्यातून कसं झालं ते मूठभर सरकी चाळली की कळतं. दोन सरक्या एकमेकींना रेशमाने शिवल्यागत चिकटलेल्या सापडतात. त्या अलगद फोडल्या की आतला गर खाल्लेला आणि पोकळीत वेटोळं करून निजलेली अळी. अशी ती महिनोन् महिने न खाता-पिता पडून राहते. पोत्यात, जहाजात, गोदामात, तिला काही फरक पडत नाही. पेरणीच्या सुमाराला जागी होते.

आणि एक आशेची गोष्ट. अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ती २०१८ मध्ये अधिकृतपणे हद्दपार झाली. बीटी कापूस, कामगंधाचा (नर पतंगांना भुलवणाऱ्या, मादीच्या वासाचा) वापर, विमानातून सोडलेले वंध्य पतंग, हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या (कापसाची उरलेली झाडं) गाडणं, हे सगळं एकाच वेळी, सगळ्या पट्ट्यात, सीमेपलीकडच्या मेक्सिकोला बरोबर घेऊन. एकट्यादुकट्याने केलं असतं तर दहा वर्षांनीही तिथेच असते.

रोखठोक

थोडा वेगळा सूर लावतो. 'परदेशी कीड' म्हटलं की लगेच घबराट होते, आणि घबराटीत सगळ्यात जास्त औषधं खपतात. घाटेअळी आपल्याकडची जुनी आहे, ती काय कमी नुकसान करते? शिवाय निशाचर म्हणतात की समुद्र ओलांडायला माल लागतो. मग ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला ही लष्करी अळी कुठल्या पेटीतून गेली? मधे टास्मान समुद्र आहे, दीड-दोन हजार किलोमीटरचा.

निशाचर

@रोखठोक, टास्मानचा मुद्दा बिनतोड आहे. तो समुद्र ऑस्ट्रेलियातले पतंग पश्चिमेच्या वाऱ्यावर पार करतात हे तिथे फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि लष्करी अळीही तशीच गेली असावी असं मानलं जातं. माझं म्हणणं असं मांडतो: पतंगाच्या काही रात्रींच्या दमात बसेल एवढा समुद्र असेल तर वारा पुरतो. अटलांटिक मात्र त्याच्या दमाबाहेरचा, तिथे मालाकडेच बोट जातं.

घाटेअळीबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं. उलट तिचं उदाहरण या विषयात सगळ्यात काळजीचं आहे. आपली ही हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये सापडली. तिथे आधीपासून तिची चुलत बहीण हेलिकोव्हर्पा झिया होती. दोघींचा संकर झाल्याचं २०१८ मध्ये जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं. पुढे आर्मिजेरातलं पायरेथ्रॉइड औषधांना दाद न देणारं जनुक तिथल्या झियामध्ये आढळलं. म्हणजे कीड एकटी जात नाही, तिने मूळ देशात कमावलेला प्रतिकारही बरोबर जातो आणि तिथल्या नातेवाइकांना मिळतो.

म्हणूनच घबराटीची फवारणी मला तुमच्याइतकीच खटकते. चीनमध्ये पोचलेल्या लष्करी अळीच्या जनुकांत ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाला प्रतिकार देणारे बदल आधीच होते. ते औषध तिथे कितीही ओतलं असतं तरी मित्रकीटक मेले असते आणि अळी शिल्लक राहिली असती.

जनुकवेध

वरच्या घटनाक्रमात एक दुरुस्ती सुचवतो. 'आफ्रिकेतून भारतात, भारतातून चीनमध्ये' अशी एका रांगेत गेलेली वाट कागदावर सुटसुटीत दिसते, पण जनुकं तसं सांगत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात आफ्रिका आणि आशियातले पतंग तपासले. त्यांच्यातली विविधता एका आगमनातून आलेली वाटत नाही. जुन्या जगात, म्हणजे अमेरिका खंडांबाहेर, ही कीड वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी, एकाहून जास्त वेळा शिरली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

नोंदीची तारीख आणि आगमनाची तारीख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एखादी कीड थोड्या संख्येने येऊन बराच काळ राहते, शोधायला कुणी गेलेलं नसतं. मग उद्रेक होतो, कुणीतरी नमुना पाठवतं, आणि ती तारीख इतिहासात बसते. नकाशावरचे बाण बरेचदा लोकांनी शोध घेतल्याचा क्रम दाखवतात.

निशाचर

मान्य, आणि यातून बंदरावरच्या तपासणीचं महत्त्व आणखी वाढतं. 'आता आलीच आहे, कशाला तपासायचं' हा विचार घातक ठरतो. दुसऱ्यांदा येणारे पतंग वेगळा प्रतिकार घेऊन येऊ शकतात. प्युर्टो रिकोतल्या लष्करी अळ्यांनी बीटी मक्यातल्या एका प्रथिनाला दाद देणं केव्हाच बंद केलं होतं. ती जनुकं नव्या मालातून उद्या दुसरीकडे उतरली तर?

लालबुंद

टोमॅटोवरच्या नागअळीचं कुणी लिहिलं नाही अजून. टुटा अब्सोल्युटा. दक्षिण अमेरिकेतून २००६ च्या शेवटी स्पेनमध्ये आली, दोन-तीन वर्षांत भूमध्य समुद्राच्या सगळ्या किनाऱ्यांवर, आणि २०१४ मध्ये भारतात महाराष्ट्र-कर्नाटकात. इवलासा राखाडी पतंग आहे, लष्करी अळीसारखा उंच उडणारा नव्हे. तरीही एवढा वेग कसा?

मला जे दिसलं ते सांगते. फळाच्या देठाशी जी हिरवी चांदणी असते ना, ती उचलून पाहा. तिच्याखाली टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आणि काळी विष्ठा. फळ बाहेरून निर्दोष, त्यामुळे निवडताना बाजूला पडत नाही. आणि रिकामे क्रेट! त्यांच्या कोपऱ्यांत, खाचांत कोष चिकटलेले असतात. माल एकीकडे उतरतो, क्रेट तसेच न धुता दुसऱ्या मळ्यात. त्या प्लॅस्टिकच्या खाचांकडे कुणीच बघत नाही.

निशाचर

लालबुंद ताई, क्रेटचा मुद्दा लाखमोलाचा. प्रत्येक पतंगाची आपली चाल असते. अमेरिकेतल्या जंगलांची दैना करणाऱ्या स्पंजी पतंगाच्या युरोपीय जातीतली मादी उडतच नाही. १८६९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये एत्येन ट्रूव्हेलो यांनी रेशमाच्या प्रयोगासाठी पाळलेल्या अळ्यांतून तो निसटला. बारक्या अळ्या धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर थोड्या अंतरावर जातात. लांबच्या उड्या मात्र वाहनांवर, लाकडांवर आणि घरसामानावर चिकटलेल्या अंडीपुंजांनी घेतल्या.

त्यामुळे कीड बघून उपाय ठरतो. न उडणाऱ्या किंवा जवळच उडणाऱ्या पतंगाला सामानाची तपासणी आणि स्वच्छता बरीच अडवू शकते. लष्करी अळीसारख्या लांब उडणाऱ्याला एकदा पाय रोवल्यावर कुठलाही नाका अडवत नाही. तिथे लक्ष ठेवावं लागतं ते ती वर्षभर कुठे तग धरते याच्यावर.

बांधावरून

हे वर्षभर तग धरण्याचं जरा उलगडून सांगाल का? आमच्याकडे थंडीतही दिसते ती.

निशाचर

काही किडींना थंडीत किंवा कोरड्या काळात झोपी जाण्याची सोय असते, वर सरकीतली अळी वाचलीत तशी. लष्करी अळीला ही सोय नाही. कडाक्याची थंडी पडली, गोठलं, की ती मरते. अमेरिकेत ती हिवाळा फक्त फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाशी काढते आणि दरवर्षी तिथून नव्याने कॅनडापर्यंत चढते. चीनमध्येही दक्षिणेच्या उबदार प्रांतांत वर्षभर राहते आणि वसंतापासून टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकते.

जिथे गोठणारी थंडी नाही आणि मका बारमाही कुठे ना कुठे उभा आहे, तिथे साखळी तुटतच नाही. एका रानातला मका वाळायला लागला की पतंग शेजारच्या कोवळ्या मक्यावर. तिला चालणाऱ्या वनस्पतींची यादी ३५० च्या वर आहे, पण मका हाताशी असला की बहुतेक वेळा तिथेच जाते. एका टापूत पेरण्या महिना-दीड महिना मागेपुढे झाल्या की आपण स्वतःच तिला पायऱ्या बांधून देतो. उशिरा पेरलेल्या रानाला सगळ्यात जास्त मार का बसतो, त्याचं मोठं कारण हे. आजूबाजूच्या आधीच्या रानांतली अख्खी पिढी त्या एका कोवळ्या रानावर उतरते. पेरणी शक्य तितकी एका आठवड्या-पंधरवड्यात उरकणं, कापणीनंतर उगवलेली ताटं काढून टाकणं आणि खोल नांगरून जमिनीतले कोष उन्हात व पक्ष्यांच्या तोंडी आणणं, या तिन्हीला औषध लागत नाही.

हिरवळ

मित्रकीटकांचं काय? बाहेरून आलेल्या किडीचे शत्रू मागे राहतात म्हणून ती माजते, असं ऐकलं होतं.

निशाचर

सुरुवातीला तसंच होतं, पण ते कायमचं नसतं. टेलेनोमस रेमस ही बारीक गांधीलमाशी लष्करी अळीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. या अळीसाठी तिला मुद्दाम आणायच्या आधीच ती आफ्रिकेत आणि आशियात अनेक ठिकाणी सापडली. स्थानिक ट्रायकोग्रामा, याही अशाच बारीक गांधीलमाश्या, लष्करी अळीच्या अंड्यांवर जातात. आणि पावसाळी दमट हवेत मेटारायझियम रायलेयी ही बुरशी. पानावर ताठ झालेली, आधी पांढरी आणि मग फिकट हिरव्या भुकटीने माखलेली अळी दिसली तर ती तोडून फेकू नका. त्या एका अळीवरून निघणारे बीजाणू आजूबाजूच्या कितीतरी अळ्यांना गाठतात. पोंगा अवस्थेत जोराची सर आली तरी आतल्या लहान अळ्या बुडून मरतात.

आता जे सांगायचं राहिलं होतं ते. वायुवेग यांनी पूर्व आफ्रिकेच्या लष्करी अळीचा उल्लेख केला. तिथे केनिया, टांझानिया अशा देशांत गावपातळीवरचा अंदाज चालवून पाहिला गेला. गावात एक कामगंध सापळा, एक पर्जन्यमापक आणि दोन्ही वाचायला शिकलेले गावकरी. सापळ्यात किती पतंग आणि पाऊस किती, यावरून येत्या आठवड्यात अळी येणार की नाही हे गावातच ठरवायचं आणि आजूबाजूला कळवायचं. मला हे सगळ्या औषधांपेक्षा मोठं वाटतं. यात महागडं काही नाही. आकडा त्याच दिवशी पुढच्या गावाला जातो, आणि वाऱ्याच्या दिशेने जातो.

आपल्याकडे सापळे भरपूर लागतात, पण आकडे ज्याच्या त्याच्या वहीत राहतात. पुष्कळदा तेही नाही, सापळा फक्त टांगलेला. वाऱ्यावरच्या बाजूच्या टापूत पतंग वाढले हे वाऱ्याखालच्या टापूला त्याच रात्री कळलं, तर अंडीपुंज शोधायला तीन-चार दिवस आधी रानात उतरता येईल.

वायुवेग

याला माझं पूर्ण अनुमोदन. रात्रीच्या वाऱ्याचा अंदाज आजही सहज मिळतो. जमिनीवरचा वारा बघू नका, ५०० ते १००० मीटर उंचीवरचा बघा. दोघांची दिशा रात्री बरेचदा वेगळी असते.

दूर्वांकुर

सापळ्याचे आकडे एकमेकांना पाठवायचे तर ओळख पक्की हवी. लष्करी अळीच्या ल्युरवर, म्हणजे सापळ्यातल्या कामगंधाच्या गोळीवर, दुसरेच पतंग येऊन पडलेले मी पाहिलेत, आणि ते मोजून लोक घाबरतात.

निशाचर

बरोबर, ल्युकेनिया लोरेयी हा पतंग त्या ल्युरवर हमखास येतो, आफ्रिकेतही हीच अडचण आली होती. दोघांत फरक असा: लष्करी अळीच्या नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा त्रिकोणी डाग असतो आणि पंखाच्या मधोमध फिकट तिरकी खूण. लोरेयीचा पंख गवताच्या काडीच्या रंगाचा, जवळजवळ सपाट, टोकाला तो डाग नाही. सापळ्यातले पतंग झिजलेले असतात म्हणून सकाळी लवकर काढा आणि पंख पसरून वरून फोटो घ्या. सापळ्यात फक्त नर येतात हेही ध्यानात ठेवा. आकडा चढला की अंडी किती पडली ते पानाच्या खालच्या बाजूला बघूनच कळेल. अळीची ओळख त्याहून सोपी आहे: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीच्या आधीच्या भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. शंका वाटेल तो फोटो इथेच टाका, कोणत्या तारखेचा आणि त्या रात्री वारा कुठून होता एवढं बरोबर लिहा.